निळ्या फाइलमधलं बास्केटबॉल

उन्हाळ्यात नागपुरात बास्केटबॉल खेळायचं म्हणजे पहाटे साडेपाचला कोर्टवर हजर. आठ वाजता सिमेंट तापायला लागतं, आणि मे महिन्यात दिवस बुडाल्यावरही बुटाच्या तळव्यातून चटका लागतो. भाचीला सोडायला म्हणून मी जातो आणि कट्ट्यावर बसून राहतो. समोर रबरी चेंडू आपटत असतो. खरखरीत सिमेंटवर घासून त्याचे दाणे पार गेलेले, हातात धरला तर गुळगुळीत भोपळा. भिंतीशी सॅकांची रांग, आणि त्यातल्या एकीतून डोकावणारी निळी प्लास्टिकची फाइल. एकदा वळवाचा पाऊस आला तेव्हा पोरी चेंडू, बाटल्या, टॉवेल सगळं टाकून शेडखाली पळाल्या. एक आई मात्र उलटी धावली, फाइल उचलायला. "बॉल भिजला तर भिजू दे बाप्पा, सर्टिफिकेटं आहेत न त्यात!"

नागपूरची सिया देवधर हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारताच्या थ्री-बाय-थ्री (तीन विरुद्ध तीन) बास्केटबॉल संघातून खेळली. खेळांचं नाव २०२२ चं, झाले २०२३ मध्ये. तेव्हापासून कट्ट्यावर दोन प्रश्न हमखास निघतात. इथून इंडियाच्या जर्सीपर्यंत जायचं कसं? आणि लगेच आवाज खाली आणून दुसरा: "पण मग पुढे काय?" पहिल्याचं उत्तर सर देतात. दुसऱ्याचं उत्तर त्या निळ्या फाइलमध्ये आहे, आणि त्याला बराच जुना इतिहास आहे.

खेळ जन्मला डिसेंबर १८९१ मध्ये, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला, वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत. जेम्स नेस्मिथ यांनी थंडीत मुलांना घरात खेळवायला तो रचला. वर्षभरातच जवळच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो मुलींना शिकवला, पण नियम बदलून. कोर्टाचे तीन पट्टे पाडले आणि ज्या पट्ट्यात उभी त्याच्या बाहेर मुलीने जायचं नाही. दुसरीच्या हातातला चेंडू हिसकायचा नाही, तीनपेक्षा जास्त वेळा आपटायचाही नाही. बाईमाणसाने फार धावू नये, धापा टाकू नये, हा त्या काळचा समज. हे ऐकायला गंमत वाटते, पण अमेरिकेत मुलींना पाच-पाचच्या संघात पूर्ण कोर्टभर धावायची मुभा सर्रास मिळायला १९७१ उजाडलं. ऑलिंपिकमध्ये महिलांचं बास्केटबॉल आलं १९७६ ला, मॉन्ट्रियलमध्ये. पुरुषांचं १९३६ पासून होतं.

भारतात हा खेळ आला तोही वायएमसीएच्याच हाताने. हॅरी बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं आणि तिथून शिकून गेलेल्या मास्तरांनी तो देशभर नेला. आपल्या विदर्भात तेव्हा व्यायाम म्हणजे अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, १९१४ चं. तिथली ओढ मल्लखांब आणि कुस्तीची. बास्केटबॉलचं तसं नाही. तो शाळा-कॉलेजातून, कवायतीच्या तासातून आला. म्हणूनच तो मुलींपर्यंत लवकर पोचला असावा, असं मला वाटतं. तालमीत मुलगी पाठवायला घरचे तयार नसत, शाळेच्या मैदानावर पाठवायला हरकत नव्हती.

भारतीय बास्केटबॉल महासंघ १९५० चा. पण महासंघ स्पर्धा घेतो, संघ निवडतो. घर चालवत नाही. घर चालवायचं काम घेतलं सरकारी मालकांनी. केरळात वीज मंडळाने, दिल्लीत टेलिफोनवाल्या एमटीएनएलने, भिलाईत पोलाद कारखान्याने आणि बाकी देशभर रेल्वेने. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा दबदबा कित्येक वर्षांचा आहे, आणि त्यामागे गौडबंगाल काही नाही. राज्याच्या संघातून चमकलेली मुलगी अठरा-वीसची झाली की तिला स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी मिळते आणि पुढच्या वर्षी ती आपल्याच राज्याविरुद्ध रेल्वेकडून उतरते. बास्केट पडल्यावर टाळी वाजवावी की कपाळाला हात लावावा, हे प्रेक्षकांना कळत नाही.

भिलाई आपल्याला जवळची. हावडा लाइनवर, चार-पाच तासांत गाडी पोचते. तिथे राजेश पटेल या प्रशिक्षकांनी पोलाद कारखान्याच्या वसाहतीत मुलींची फळीच्या फळी घडवली, त्यातल्या अनेकजणी भारताकडून खेळल्या. पटेल २०१८ मध्ये गेले. त्यांच्याच तालमीतली कविता अकुला २०१० मध्ये शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाच्या अकादमीत गेली आणि पुढे अमेरिकेतल्या ग्रँड कॅनियन विद्यापीठाच्या संघात पोचली. वसाहतीत घर, घराजवळ कोर्ट, खेळून नोकरीची आशा, तिन्ही एका कुंपणात असल्यावर काय होतं ते भिलाईने दाखवलं.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द म्हणजे काय, हे समजायला मात्र गीतू ॲना जोसकडे बघावं. केरळातल्या कोट्टयमची, १९८५ चा जन्म, उंची सहा फूट दोन इंच. आधी व्हॉलीबॉल खेळायची; तिथून तिला बास्केटबॉलकडे वळवलं. नोकरी दक्षिण रेल्वेत. २००६ ते २००८ ती ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या रिंगवुड हॉक्सकडून खेळली. परदेशी क्लबसाठी खेळणारी भारतीय मुलगी, ही गोष्ट तेव्हा आपल्याकडे कोणी ऐकलेलीही नव्हती. २००८ मध्येच बालीच्या आशियाई बीच खेळांत भारताच्या मुलींनी थ्री-बाय-थ्रीचं सुवर्ण आणलं. मग एप्रिल २०११: अमेरिकेतल्या डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या तीन संघांनी, शिकागो, लॉस एंजेलिस आणि सॅन अँटोनियो, गीतूला चाचणीला बोलावलं. तिथवर पोचलेली ती पहिली भारतीय. सगळ्या लीगमध्ये तेव्हा संघ बारा आणि प्रत्येकात जागा अकरा. निवड झाली नाही. ती परतली आणि रेल्वेकडून, भारताकडून खेळत राहिली. अर्जुन पुरस्कार २०१४ चा.

त्या चाचणीचा विचार करताना मला निवड न झाल्याचं फारसं काही वाटत नाही. परत यायला जागा होती, हे मोठं वाटतं. पंचविसाव्या वर्षी तीन शहरांत जाऊन नकार घेऊन येणं तिला झेपलं, कारण महिन्याच्या शेवटी पगार होणार होता. चेन्नईच्या पी. अनिताचंही तसंच. तीही दक्षिण रेल्वेची, २००० पासून २०१७ पर्यंत भारताकडून खेळली, मधे आई झाली आणि परत आली. २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. लग्न, बाळंतपण आणि पुनरागमन, यातलं शेवटचं नोकरी टिकली म्हणून शक्य होतं.

अनिताच्या त्या शेवटच्या वर्षी, जुलै २०१७ मध्ये, बेंगळुरूला भारताने आशिया कपच्या 'ब' गटाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ हरवलं. दोन गुणांनी 'अ' गटात गेलो. पुढे पुण्याच्या शिरीन लिमयेनेही या संघाचं नेतृत्व केलं. 'अ' गट म्हणजे जपान, चीन, कोरिया, ऑस्ट्रेलिया. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा आपण आठव्या म्हणजे शेवटच्या जागी, आणि जपानने दोन्ही वेळा शंभरावर गुण चढवले. जपानचा महिला संघ त्याच २०२१ मध्ये टोकियोत ऑलिंपिक रौप्य घेऊन बसला होता.

थ्री-बाय-थ्रीचं गणित वेगळं. अर्धं कोर्ट, एकच रिंग, दहा मिनिटं किंवा एकवीस गुण, चेंडू हातात आल्यावर बारा सेकंदांत टाकायचा. चार मुली आणि एक बरं कोर्ट असलं की संघ उभा. रिंगखाली खेळणारी उंच मुलगी, म्हणजे सेंटर, शोधत गावोगाव हिंडावं लागत नाही. २०१३ मध्ये दोह्याच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी त्यात सुवर्ण घेतलं ते याच बळावर. नागपूरसारख्या शहराला हा प्रकार सोयीचा आहे, असं माझं मत.

नोकरीच्या बाबतीत नागपूरची गंमत अशी की इथे मध्य रेल्वेचाही विभाग आहे आणि दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेचाही, पण झोनची मुख्यालयं मुंबईला आणि बिलासपूरला. म्हणजे दोन रेल्वे दारात, आणि कोट्याचा निर्णय मात्र दोन्हीकडून लांब. उरतं राज्य सरकारचं पाच टक्के क्रीडा आरक्षण. त्यासाठी प्रमाणपत्रांची पडताळणी करून घ्यावी लागते. स्पर्धेचा दर्जा, क्रमांक, तारीख, सही-शिक्का, सगळं तपासलं जातं. नावात एक वेलांटी चुकली तरी हेलपाटे.

परवा सराव संपल्यावर भाची तिच्या दीदीला विचारत होती, राज्य स्पर्धेच्या प्रमाणपत्राच्या किती झेरॉक्स काढून ठेवायच्या. दीदी बुटाची लेस सोडत होती. मान वर न करता म्हणाली, "दहा काढ. आणि लॅमिनेशन नको करू, मग शिक्का मारत नाहीत त्याच्यावर."