बेडूकमाशाच्या शेपटीपासून शहाण्णव खळग्यांपर्यंत: कोलॅजनेज मोजण्याची पार्श्वभूमी

बडोद्यातल्या जुन्या घरांत, दांडिया बाजारात म्हणा नाहीतर रावपुऱ्यात, दिवाळीची झाडलोट निघाली की एखाद्या पालीची शेपूट तुटणारच. वळवळणारा तुकडा आई सुपलीत घेऊन बाहेर टाकायची आणि काही आठवड्यांनी तीच पाल आखूड, नव्या शेपटीनिशी ट्यूबलाइटमागे हजर. इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात याच घरपालीच्या शेपटीवर अनेक दशकं काम झालं आहे. नवी शेपूट फुटायची तर जखमेभोवतीचं जुनं जाळं आधी सैल व्हावं लागतं. ते सैल करणाऱ्या विकरांच्या म्हणजे एन्झाइमांच्या घराण्यावरही या विभागातून संशोधन आलं. गंमत म्हणजे त्या घराण्यातलं पहिलं विकर, कोलॅजनेज, सापडलं तेही शेपटीतच. फक्त ती शेपूट बेडूकमाशाची होती.

हे जाळं मुख्यतः कोलॅजनचं. सुतारकामातला सरस आठवा. चामडी आणि हाडं उकळून काढलेला तो चिकट पदार्थ म्हणजे उकडून उलगडलेलं कोलॅजनच, आणि कोलॅजन हे नावही ग्रीक भाषेतल्या सरसाच्या शब्दावरून पडलं. शिजवलं नाही तर मात्र हे प्रथिन फार चिवट असतं. मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४-५५ मध्ये त्याची रचना मांडली: तीन साखळ्यांचा एकमेकींभोवती घट्ट पीळ. या पिळात साध्या पाचक विकरांची कात्री शिरत नाही. तरी बाळंतपणानंतर गर्भाशय आकसतं, जखमेचा व्रण बदलतो, बेडूकमाशाची शेपूट तर थोड्या दिवसांत विरून जाते. म्हणजे पीळ कापणारं काहीतरी शरीरात असणार. ऊतक वाटून, गाळून शोधलं तर हाती काहीच लागत नव्हतं.

१९६२ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जेरोम ग्रॉस आणि बेल्जियमहून आलेले शार्ल लापिएर यांनी वाटण्याचा नाद सोडला. कोलॅजनच्या जेलीसारख्या थिजलेल्या थरावर त्यांनी शेपटीचे जिवंत तुकडे ठेवले आणि वाट पाहिली. तुकड्यांभोवतीचा दुधाळ थर विरघळून स्वच्छ गोल पडले. विकर पेशींत साठवलेलं नव्हतंच. जिवंत पेशी ते लागेल तसं तयार करून बाहेर सोडत होत्या. वाटून मारलेल्या ऊतकात ते मिळणार कुठून? मला हा प्रयोग फार आवडतो. यंत्र नाही, आकडा नाही, नुसतं डोळ्यांना दिसणारं काम. पुढे कळलं, की हे विकर पिळाच्या तिन्ही साखळ्या एकाच ठिकाणी तोडतं आणि रेणूचे पाऊण आणि पाव असे दोन तुकडे करतं. शरीराच्या उष्णतेला ते तुकडे आपोआप उलगडतात, मग बाकीची विकरं ताव मारतात.

गोलाचा व्यास मोजून संशोधन फार पुढे जात नाही. म्हणून गिनिपिगांना किरणोत्सारी ग्लायसीन टोचून त्यांच्या कातडीतून खुणेचं कोलॅजन काढलं जाऊ लागलं. विकराने ते किती विरघळवलं, हे सुटलेल्या किरणोत्सारावरून मोजायचं. पेशींच्या संवर्धनात हे जमे. रक्तात नाही, कारण अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन नावाचं रक्तातलं मोठं प्रथिन विकराला पिंजऱ्यात पकडल्यासारखं गिळून टाकतं. काम दिसलं नाही म्हणजे विकर नाही, असं म्हणता येईना.

इथे प्रतिपिंडं म्हणजे अँटीबॉडी आल्या, त्याही दुसऱ्याच गल्लीतून. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन मधुमेहींच्या रक्तातल्या इन्शुलिनच्या मागे होते. इन्शुलिन टोचलेल्या माणसाच्या अंगात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, हे त्यांचं म्हणणं नियतकालिकांनी आधी परत पाठवलं आणि १९५६ मध्ये शीर्षकातून 'प्रतिपिंड' हा शब्द काढल्यावरच छापलं. त्याच कल्पनेतून १९५९-६० मध्ये रेडिओइम्युनोॲसे, म्हणजे प्रतिपिंड आणि किरणोत्सारी खूण वापरून मोजणारी चाचणी, उभी राहिली. १९७७ मध्ये यॅलोंना नोबेल मिळालं; बर्सन १९७२ मध्येच गेले होते. त्याच १९७२ साली सेंट लुईसच्या बाऊअर, आयझन आणि जेफ्री यांनी माणसाच्या कातडीतल्या कोलॅजनेजसाठी अशी चाचणी प्रसिद्ध केली. आता विकराला काम करून दाखवायची गरज उरली नाही. त्याचा चेहरा ओळखला की पुरे.

किरणोत्साराची कटकट १९७१ मध्येच दोन ठिकाणी सुटली होती: स्टॉकहोममध्ये एवा एंगवाल आणि पेटर पर्लमान, हॉलंडमध्ये व्हान वेमेन आणि स्कूर्स. किरणोत्सारी खुणेऐवजी प्रतिपिंडाला रंग आणणारं विकर जोडायचं, हीच एलायझा. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच साच्याची हवी तेवढी प्रतिपिंडं करण्याची रीत दिली, आणि सॅन्डविच चाचणी सोपी झाली. शहाण्णव खळग्यांच्या प्लेटच्या तळाला एक प्रतिपिंड चिकटवलेलं असतं. त्यावर नमुना, त्यावर दुसरं प्रतिपिंड, मध्ये कोलॅजनेज. धुवा, रंगद्रव्य घाला, निळं होईल. आम्ल टाकून थांबवा, पिवळं होईल. ४५० नॅनोमीटरवर वाचा. मुळ्याच्या भाऊबंदांतल्या हॉर्सरॅडिशचं पेरॉक्सिडेज हा रंग आणतं. एका विकराला मोजायला दुसरं विकर कामाला लावायचं!

दरम्यान घराणं वाढलं. मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज म्हणजे एमएमपी हे त्याचं आडनाव: एमएमपी-१ तंतुपेशींचं, एमएमपी-८ न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचं, एमएमपी-१३ सांध्यांच्या कूर्चेमुळे गाजलेलं. प्रतिपिंड या तिघांत नेमका भेद करतं, जे विरघळणाऱ्या थराला कधीच जमलं नसतं. पण मोबदल्यात काय गेलं, तेही पाहा. ही विकरं जन्मतःच झोपलेली असतात: स्वतःच्याच शेपटाने जस्ताचा अणू झाकून. हे सिस्टीन या अमिनो आम्लाचं कुलूप १९९० मध्ये व्हान वार्ट आणि बिर्केडाल-हान्सेन यांनी मांडलं. शिवाय टिम्प नावाची आवर घालणारी प्रथिनं आहेतच. एलायझाचे काही तयार किट झोपलेलं आणि जागं दोन्ही मोजतात, काही फक्त झोपलेलं. काहींना टिम्पने धरलेलं दिसतं, काहींना नाही. पिंजऱ्यात अडकलेल्यापर्यंत तर प्रतिपिंडाचा हात सहसा पोचत नाही. दोन किटचे नॅनोग्रॅम शेजारी ठेवून तुलना करणाऱ्यांची म्हणून मला भीती वाटते.

नमुन्याचा धडा मी स्वतः घेतला. हिरड्यांच्या रुग्णांचं रक्त लाल झाकणाच्या नळीतून सीरम म्हणून, म्हणजे गोठू देऊन वरचं पाणी काढून, आलं आणि निरोगी लोकांचा उरलेला प्लाझ्मा, म्हणजे न गोठलेल्या रक्ताचं पाणी, जांभळ्या झाकणाच्या नळीतून. रुग्णांत एमएमपी-८ भरभरून निघालं. आम्ही खूश. चहा होईपर्यंत शंकेची पाल चुकचुकली: रक्त गोठताना न्यूट्रोफिल आपली पोतडी उघडतात, आणि त्या पोतडीत एमएमपी-८ ठासून भरलेलं असतं. आम्ही निम्मा आजार नळीतच तयार केला होता. जांभळ्या नळीतलं, रक्त गोठू न देणारं ईडीटीए एलायझाला बहुधा चालतं, पण तोच नमुना विकराचं काम पाहायला घेतला तर ते कॅल्शियम-जस्त बांधून ठेवतं आणि विकर थंड पडतं. सगळे नमुने पुन्हा गोळा केले. रुग्ण अर्थात वैतागले.

आता काही प्रयोगशाळा दोन्ही गोष्टी एकाच प्लेटवर करतात. खळग्यातल्या प्रतिपिंडाने विकर धरायचं, बाकीचं धुऊन टाकायचं आणि मग त्याला कापल्यावर चमकणारा प्रथिनाचा छोटा तुकडा द्यायचा. शेजारच्याच खळग्यात तेच विकर पाऱ्याच्या एका संयुगाने जागं करून तोच तुकडा दिलेला असतो. पहिला खळगा जागी असलेली विकरं सांगतो, दुसरा एकूण. अशी प्लेट वाचताना मला बोस्टनमधला तो दुधाळ थर आठवतो.