शनिवारचा मराठी चित्रपट : जुन्या सिनेमांची यादी कशी घडली

टीव्हीवर बघण्यासारखा जुना मराठी सिनेमा कोणता, असं विचारलं की ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’, ‘श्यामची आई’ ही नावं ओठांवर येतात. ही यादी कुणा समीक्षकाने बसून केलेली नाही. कोणत्या प्रती टिकून राहिल्या आणि त्यांतल्या कोणत्या छोट्या पडद्यापर्यंत पोहोचल्या, यावर ती ठरत गेली.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 रोजी. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट आणि रविवारी हिंदी, हा रिवाज पुढे घरोघरी पाठ झाला. मध्येच बातम्या लागायच्या, मग उरलेला सिनेमा. थिएटरचा गल्ला बुडेल या भीतीने निर्माते नवा चित्रपट दूरदर्शनला द्यायला सहसा राजी नसत, त्यामुळे जुने चित्रपटच जास्त लागत. त्यातून मोठी गोष्ट घडली. 1936-37 सालचे चित्रपट, ते पहिल्यांदा लागले तेव्हा जन्मही न झालेल्या पोरांनी चाळीतल्या एकुलत्या एका टीव्हीपुढे दाटीवाटीने बसून पाहिले.

यादीत प्रभात फिल्म कंपनीचे चित्रपट एवढे का, याचं कारण पुण्यात सापडतं. 1929 साली कोल्हापुरात निघालेली ही कंपनी 1933 मध्ये पुण्याला आली आणि 1953 मध्ये बंद पडली. तिच्याच आवारात 1960 साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, आणि 1964 मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. तिथे पी. के. नायर यांनी आयुष्य घालवून फिल्मचे डबे गोळा केले. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची जी रिळं आज आहेत, तीही त्यांच्यामुळे. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेते आणि नीट न ठेवल्यास डब्यातच कुजते. जानेवारी 2003 मध्ये इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागली आणि प्रभातच्या कित्येक मूळ नायट्रेट प्रती गेल्या. आज जे दिसतं ते बरंचसं आधी काढून ठेवलेल्या नकलांच्या जोरावर. प्रभातबाहेरच्या कितीतरी कंपन्यांचं तेवढंही उरलेलं नाही, म्हणून त्यांची नावं कुणाच्या तोंडी नाहीत. मला हे फार लागतं.

कुठून सुरुवात करावी, तर ‘संत तुकाराम’पासूनच. दामले-फत्तेलाल यांचा हा चित्रपट 1937 च्या व्हेनिस महोत्सवात गौरवला गेला, पण तो बघावा जिजाईसाठी. ती भूमिका करणारी गौरी कसलेली नटी नव्हती, प्रभातमध्येच किरकोळ कामं करायची. एका हाताने आजारी मुलाला ओढत आणि दुसऱ्या हातात वहाण घेऊन ती विठोबाला जाब विचारायला देवळात निघते, तेव्हा तिच्या चालण्यातला संताप बघा. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम भक्तीत रमलेला, आणि संसाराचा गाडा ओढणारी ही. चित्रपट दोघांनाही मान देतो.

1982 मध्ये टीव्हीवर रंग आले, मग केबल आली, 2007 मध्ये झी टॉकीज आलं. मराठी सिनेमाला चोवीस तास मिळाले, पण त्यांत कृष्णधवल चित्रपटांच्या वाट्याला फार थोडे आले. शिवाय जुन्या टीव्हीची काच आणि या चित्रपटांची चौकट जवळजवळ सारखी होती, आजचा पडदा मात्र रुंद. चित्र ताणून बसवलं की पागनीसांचा चेहरा चपटा दिसतो. तेव्हा रिमोट घेऊन आधी चित्राचं माप चार-तीनवर (4:3) आणा, बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या.

दुसरा ‘कुंकू’ लावा. व्ही. शांतारामांनी त्यात पार्श्वसंगीत वापरलेलं नाही, ऐकू येतं ते प्रसंगातलंच. म्हाताऱ्या नवऱ्याशी फसवून लग्न लावलेली शांता आपटेंची नीरा त्या घरात लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते, आणि 1937 सालची ही मुलगी अजूनही कुणाला दबत नाही.