इंग्लंडमध्ये तळ्यात किंवा नदीत पाइक मासा सोडण्याचा परवाना : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

गळाने हौशी मासेमारी करणाऱ्या क्लबला किंवा तळ्याच्या मालकाला आपल्या पाण्यात पाइक सोडायचे असतील, तर इंग्लंडमध्ये ‘एन्व्हायर्न्मेंट एजन्सी’ या सरकारी संस्थेचा परवाना आधी हातात असावा लागतो. पूर्वी ही परवानगी १९७५ च्या कायद्याच्या कलम ३० खाली मिळत असे. २०१५ पासून तिच्या जागी मासे पाळणे व सोडणे यासंबंधीची स्वतंत्र नियमावली लागू आहे. वेल्स आणि स्कॉटलंड यांचे नियम व कार्यालये वेगळी आहेत. विनापरवाना मासे सोडणे हा गुन्हा आहे, मग मासा शेजारच्याच तळ्यातून बादलीत घालून आणलेला का असेना.

पाइक हा इंग्लंडचा देशी मासा असल्यामुळे झँडर किंवा वेल्स (wels) जातीचा कॅटफिश या परक्या माशांसाठी लागणारा जादा परवाना त्याला लागत नाही. तरीही तो शिकारी मासा आहे, आणि अर्जाचा निकाल मुख्यतः पाण्याच्या स्वरूपावर ठरतो. चारी बाजूंनी बंद असलेल्या, पुराच्या पट्ट्याबाहेरच्या तळ्याचा अर्ज तुलनेने सोपा असतो. तळ्यातून ओढा बाहेर पडत असेल, तर त्यावर जाळी आहे का आणि खाली ट्राउट किंवा सामनची नदी आहे का, हे पाहिले जाते. खुद्द नदीत सोडलेला मासा परत धरून आणता येत नाही, त्यामुळे तिथे छाननी अधिक कडक असणे साहजिकच आहे.

अर्ज पाण्याच्या मालकाने करावा किंवा त्याच्या संमतीने भाडेकरू क्लबने. त्यात पाण्याचे नाव, नकाशावरील अचूक स्थान, क्षेत्रफळ, आत-बाहेर जाणारे प्रवाह, सध्या असलेले मासे, तसेच सोडायच्या पाइकची संख्या, आकार आणि मूळ ठिकाण नोंदवावे. मासे देणाराही नियमात बसणारा असला पाहिजे : दुसऱ्या तळ्यातून किंवा नदीतून मासे काढून देणाऱ्याला त्यासाठी वेगळी परवानगी लागते, तर मत्स्यशेतीला सेफास संस्थेच्या मत्स्य-आरोग्य निरीक्षकांची अधिकृत मान्यता असावी लागते. मूळ पाण्यातील माशांचा आरोग्य-तपासणी अहवाल मागितला गेल्यास तोही जोडावा. या तपासणीसाठी नमुन्याचे मासे मारावे लागतात आणि एका तळ्यात पाइक मुळातच थोडे असतात, म्हणून पुरवठादाराशी हे आधीच बोलून घेणे शहाणपणाचे. जागा विशेष वैज्ञानिक महत्त्वाची म्हणून संरक्षित असेल, तर ‘नॅचरल इंग्लंड’ या सरकारी निसर्गसंवर्धन संस्थेची संमती स्वतंत्रपणे घ्यावी.

अर्ज भरण्यापूर्वी क्लबने एक प्रश्न स्वतःला विचारावा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते : पाइक खरोखर कमी आहेत का? मोठे पाइक लहान पाइकना खातात, त्यामुळे मोठे मासे काढून टाकलेल्या तळ्यात लहानांची गर्दी होते, आणि तिथे आणखी मासे सोडून मोठा मासा गळाला लागत नाही. अंडी घालण्यासाठी त्यांना वसंताच्या सुमारास उथळ, पाणवनस्पतींनी भरलेला काठ लागतो. तो नसेल तर सोडलेल्या माशांची पुढची पिढी तयार होणे कठीण असते.

परवाना आल्यावर वाहतूक थंडीत ठेवावी, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि पाइकला तो लवकर अपुरा पडतो. सोडलेल्या माशांवर गळ टाकणाऱ्या प्रत्येक प्रौढाला स्वतःचा रॉड परवाना (गळाने मासे धरण्याचा परवाना) लागतोच. नद्यांमध्ये १५ मार्च ते १५ जून हा बंदीचा काळ असतो, आणि इतर वेळी दिवसाला ६५ सेंटिमीटरपर्यंतचा एकच पाइक नेता येतो.