हौदातले गप्पी आणि भिंतीवरची अंडी

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. म्हणून हौद, बॅरल, टिपाड, रांजण, जे हाती लागेल ते भरून ठेवायचं, ही घराघरातली रीत. डेंग्यूचा विषाणू वाहून नेणाऱ्या एडिस इजिप्ताय डासाच्या मादीला सावलीतलं असं स्वच्छ, साठवलेलं पाणीच भावतं. शिवाय पाणी आलं की आपण जुन्यावरच नवं भरतो, हौद तळापर्यंत रिकामा होतच नाही. अळ्यांना आठ-दहा दिवस मिळाले की डास तयार. हा डास फार लांब उडत नाही, त्यामुळे संभाजी तलावात अळ्या खाणारे मासे कितीही सोडले तरी साखर पेठेतला डेंग्यू त्याने हटणार नाही.

मासे हवेत ते हौदात. गप्पी या छोट्या माशाचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं आणि अळ्या श्वासासाठी पृष्ठभागाशी उलट्या लटकतात, म्हणजे घास आयताच तोंडाशी. एक मोठा गप्पी दिवसाला 80 ते 100 अळ्या फस्त करतो. तो अंडी न घालता थेट पिलांना जन्म देतो, त्यामुळे वनस्पती नसलेल्या सिमेंटच्या हौदातही त्याचा वंश वाढतो. गंबुशिया हा दुसरा अळीखाऊ मासा त्याहून खादाड. तो 1928 मध्ये भारतात आणला गेला. पण देशी माशांची अंडी-पिल्लंही तो सोडत नाही. हे दोन्ही मासे परदेशी. तलावात, ओढ्यात सोडूच नयेत.

गप्पीला एक गोष्ट मात्र जमत नाही. एडिसची मादी अंडी चिकटवते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीवर. ती कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी वर चढलं की फुटतात. म्हणून ‘कोरडा दिवस’, म्हणजे साठवणीची भांडी रिकामी करून कोरडी करायचा दिवस, पाळताना नुसता हौद उपसून भागत नाही, काथ्याने भिंती खसखसून घासाव्या लागतात. मासे तेवढा वेळ बादलीत. नव्या पाण्याला क्लोरीनचा उग्र वास असेल तर ते थोडा वेळ उघडं ठेवून मगच मासे सोडा, नाहीतर मरतील. हौदाला झाकण असेल तर उत्तमच, माशांवर सगळा भार कशाला?

बांधकामावरच्या साचलेल्या पाण्यासाठी बीटीआय हा अळ्या मारणारा जिवाणू आहे. तो 1976 मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात सापडला. त्याचे प्रथिन-स्फटिक अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतात आणि आतड्याच्या पेशी फोडतात. आपल्या जठरात आम्ल असतं, तिथे हे घडत नाही. परिणाम फार दिवस टिकत नाही, मात्रा पुन्हा द्यावी लागते.

इंडोनेशियातल्या योग्यकार्तात वोल्बाकिया हा डासाच्या अंगात डेंग्यूचा विषाणू वाढू न देणारा जिवाणू असलेले एडिस डास सोडल्यावर डेंग्यूचे रुग्ण 77 टक्क्यांनी घटले. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुदुच्चेरीतल्या संस्थेनेही असे डास तयार केले आहेत, पण ते काम सरकारी यंत्रणेचं.

आपल्या हातात गप्पी आहेत. आणताना नर-मादी दोन्ही आणा. रंगीत, देखणे ते नर. करड्या, थोराड माद्याच जास्त अळ्या खातात.