जप्त विमानांची रंगयोजना (स्केल मॉडेलिंग)

युद्धात शत्रूकडून हाती लागलेल्या विमानावर नव्या मालकाने चढवलेले रंग आणि चिन्हे यांना जप्त विमानाची रंगयोजना म्हणतात. स्केल मॉडेल (मूळ वस्तूची प्रमाणबद्ध छोटी प्रतिकृती) बनवणाऱ्यांसाठी ती निश्चित करणे हा जिकिरीचा अभ्यास असतो, कारण कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या विमानाचे रंग लेखी आदेशांनी ठरत, तर जप्त विमान अनेकदा तळावर जो रंग शिल्लक असेल त्यानेच रंगवले जाई. आपल्याच विमानवेधी तोफांनी ते पाडू नये, ही पहिली निकड असे. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर १९४१ मध्ये डक्सफर्ड येथे स्थापन झालेल्या, जप्त विमाने उडवणाऱ्या १४२६ क्रमांकाच्या तुकडीतील जर्मन विमानांचा खालचा भाग सामान्यतः पिवळा असे. जर्मनांच्या ‘रोझारियस सर्कस’ या तशाच तुकडीनेही दोस्त राष्ट्रांच्या जप्त विमानांवर पिवळाच रंग वापरला.

एकाच विमानाचे रंग अनेकदा बदलत असल्याने ‘रंग कोणता’ यापेक्षा ‘कोणत्या दिवशीचा’ हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. मेसरश्मिट बीएफ १०९ जी-२ या जर्मन लढाऊ विमानाच्या जातीचे, १०६३९ अनुक्रमांकाचे ‘ब्लॅक सिक्स’ हे याचे बोलके उदाहरण आहे. नोव्हेंबर १९४२ मध्ये लिबियातील गंबुट येथे ते ऑस्ट्रेलियाच्या ३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या हाती लागले आणि त्यावर ‘सीव्ही-व्ही’ ही अक्षरे आली. पुढे इंग्लंडमध्ये १४२६ तुकडीत ते ‘आरएन२२८’ झाले, आणि १९९१ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा उडाले तेव्हा त्यावर जर्मन चिन्हे होती. संग्रहालयातला आजचा रंग म्हणूनच पुरावा ठरत नाही, मग तो कितीही देखणा असो.

मुख्य आधार कृष्णधवल छायाचित्रांचा असतो आणि तिथेच फसगत होते. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला जवळजवळ दाद देत नाही. तिच्यावर लाल आणि पिवळा रंग गडद, तर निळा फिकट उमटतो. सर्व रंगांना दाद देणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर मात्र पिवळा उजळ दिसतो. यावर उपाय छायाचित्रातच असतो: त्या काळात ब्रिटिश विमानांच्या बाजूवरील वर्तुळचिन्हाची बाहेरची कड पिवळी असे हे ठाऊक असल्याने, ती काळपट दिसली तर पोटाखालचा काळपट भागही पिवळा असू शकतो, असे मानायला जागा राहते. जुना जर्मन क्रॉस झाकण्यासाठी मारलेला ताजा पट्टा उन्हाने विटलेल्या मूळ रंगापेक्षा वेगळ्या छटेचा दिसतो. चौकोनी ठिगळासारख्या त्या पट्ट्यावरून खाली काय होते, हे काही वेळा ताडता येते. रंगीत छायाचित्रे आली म्हणजे वाद मिटला असेही नाही, कारण जुन्या फिल्मचे रंग कालांतराने ढळतात. अवशेषांवरचे थर खरवडून पाहणे अधिक भरवशाचे असले, तरी त्यातून थरांचा क्रम कळतो, तारीख नाही.

पुराव्याच्या या मर्यादांमुळे जाणकार मॉडेलकार एकाच तारखेचे छायाचित्र पक्के धरतात आणि त्यात न दिसणारी बाजू त्याच तुकडीतल्या इतर विमानांवरून अंदाजाने रंगवून, तो अंदाज असल्याचे मॉडेलसोबतच्या टिपणात नोंदवतात.