गाजराची गोडी: वाफ्यातली आणि पातेल्यातली

घरच्या वाफ्यातले गाजर एका हंगामात अतिशय गोड निघते आणि पुढच्या हंगामात त्याच वाणाचे गाजर उग्र, किंचित कडवट लागते. अशा वेळी साखर कमी भरली असावी, असा आपण सहज समज करून घेतो. कच्च्या गाजरात सुमारे ८८ टक्के पाणी आणि १०० ग्रॅममागे पावणेपाच ग्रॅमच्या आसपास साखर असते. मात्र गाजराला त्याचा खास वास देणारी टर्पीन गटातली द्रव्ये वाढली, की साखर तेवढीच असूनही तिची गोडी जिभेला जाणवेनाशी होते. म्हणून गोड गाजर पिकवताना साखर साठू द्यावी लागते आणि उग्रपणाही वाढू न देण्याची काळजी घ्यावी लागते.

गाजर ही द्विवार्षिक वनस्पती आहे. पहिल्या हंगामात पानांनी तयार केलेले अन्न सोटमुळात साठवायचे आणि दुसऱ्या हंगामात त्या शिदोरीवर फुलोरा व बी धरायचे, असा तिचा जीवनक्रम असतो. कोवळ्या मुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साध्या शर्करा अधिक असतात. मूळ भरू लागले, की सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, साठत जाते. त्यामुळे बोटाएवढे गाजर घाईने उपटले तर ते कोवळे लागते, पण त्याची गोडी अपुरी राहते. मुळाची वाढ आणि रंग यांना १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान मानवते. उष्ण हवेत श्वसनासाठी साखर अधिक खर्च होते आणि उग्र द्रव्येही वाढतात. पेरणीची वेळ निवडताना वाढीचे शेवटचे आठवडे थंडीत येतील असे पाहावे. माझ्या मते घरच्या बागेत गोडीसाठी याहून परिणामकारक उपाय नाही.

जमिनीची तयारी मात्र बी पडण्यापूर्वीच व्हायला हवी, कारण उगवणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच सोटमूळ खोलवर उतरते आणि पुढचा काळ मुख्यतः जाड होण्यात जातो. या सुरुवातीच्या प्रवासात मुळाच्या टोकाला खडा, ढेकूळ किंवा ताजे, न कुजलेले खत लागले, तर टोक दुखावते आणि मुळाला फाटे फुटतात. रोपे उपटून दुसरीकडे लावली तरी हेच घडते. म्हणून माती सुमारे ३० सेंटिमीटर खोलीपर्यंत भुसभुशीत करून, खडे वेचून, बी जागेवरच एक सेंटिमीटरहून कमी खोल पेरावे. उगवणीला एक ते तीन आठवडे लागतात आणि तोवर वरचा थर सुकता कामा नये. नंतर दोन रोपांत पाच सेंटिमीटर अंतर राहील अशी विरळणी करावी. हाताने जोपासलेली रोपे उपटून टाकणे जिवावर येते, हे खरे. पण दाटीत वाढलेली मुळे भरत नाहीत. पाणी अनियमित मिळाले तर मुळे तडकतात. मातीबाहेर डोकावणारा माथा उन्हाने हिरवा होऊन कडवट लागतो, त्यावर मातीची भर घालावी.

काढणीनंतर पाला लगेच छाटावा, कारण पाने मुळातले पाणी ओढून घेत राहतात. सफरचंदासारखी पिकणारी फळे गाजरांजवळ ठेवू नयेत. त्यांच्यातून बाहेर पडणाऱ्या इथिलीन वायूमुळे गाजरात आयसोकुमारिन नावाचे कडू द्रव्य तयार होते, आणि वाफ्यात जपलेली गोडी शीतकपाटात हरवते.

शिजवल्यावर गाजर अधिक गोड लागते, तेव्हा त्यात नवी साखर तयार झालेली नसते. उष्णतेने पेशीभित्तिकांतले पेक्टिन, म्हणजे पेशींना एकत्र धरून ठेवणारे द्रव्य, सैल होते, आतली साखर जिभेपर्यंत सहज पोहोचते आणि उग्र वासाची द्रव्ये वाफेबरोबर उडून जातात. भरपूर पाण्यात उकळल्यास मात्र साखरेचा काही भाग पाण्यात उतरतो, म्हणून वाफवणे किंवा अगदी थोड्या पाण्यात झाकून शिजवणे अधिक चांगले. भट्टीत भाजताना पाणी आटते, साखर दाट होते आणि पृष्ठभागावर खमंग तपकिरी रंग चढतो. रसात शिजवूनही फोडी अखंड हव्या असतील, तर त्या आधी ५५ ते ७० अंश तापमानाच्या पाण्यात अर्धा तास ठेवाव्यात. या तापमानाला गाजरातलेच एक विकर (एन्झाइम) पेक्टिनमध्ये असा बदल घडवते, की ते कॅल्शियमशी घट्ट बांधले जाते, आणि मग पुढे उकळले तरी फोडी विरघळत नाहीत. आंबट पदार्थ आधी घातला तरी गाजर उशिरा मऊ होते. तो शेवटी घालावा.

नारिंगी रंग देणारे कॅरोटीन १८३१ मध्ये वाकेनरोडर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने प्रथम गाजरातूनच वेगळे केले आणि त्याचे नावही गाजरावरून पडले. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून शिजवलेल्या गाजरात चमचाभर तेल किंवा लोणी असले, की शरीर ते अधिक प्रमाणात शोषून घेते.