सॅम वेल्स ताजमध्ये उतरतो : जॉर्ज हॅरिसनच्या दोन मुंबईफेऱ्या

इंग्लंडचा बँड बीटल्स आणि भारत म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ऋषिकेश येतं. बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन याच्या संगीतात जे भारतीय उतरलं, त्याचा मोठा भाग मात्र मुंबईत घडला, तोही ऋषिकेशच्या आधी. सप्टेंबर १९६६ मध्ये तो सतार शिकायला आला आणि जानेवारी १९६८ मध्ये ध्वनिमुद्रणाला. लेखांमधून या दोन फेऱ्यांची हमखास सरमिसळ होते. शिकवणीतले प्रसंग ध्वनिमुद्रणाला चिकटतात आणि ताजमधली गर्दी १९६८ मध्ये जाऊन बसते. तारखा लावून वृत्तपत्रं चाळली की हा गुंता बराच सुटतो. कुठे सुटत नाही, तेही कळतं.

पहिल्या फेरीची पार्श्वभूमी अशी. १९६५ च्या ऑक्टोबरात ‘नॉर्वेजियन वुड’ या गाण्यात हॅरिसनने सतार वाजवली, ती जवळजवळ स्वतःच्या अंदाजाने. जून १९६६ मध्ये लंडनला त्याची पंडित रविशंकरांशी भेट झाली. सतार हे गिटारचं भारतीय रूप नव्हे, बसायचं कसं इथपासून शिकावं लागेल, हे त्याला तेव्हा उमगलं. जुलैत मनिलाहून परतताना बीटल्स दिल्लीत थांबले होते. रिखी राम यांच्या वाद्यांच्या दुकानातल्या सतारीसोबतची छायाचित्रं तेव्हाची, म्हणजे दिल्लीची आहेत. ‘मुंबईत सतार घेताना’ अशा ओळीखाली ती दिसली तर ती ओळ चूक. २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोत बीटल्सचा शेवटचा जाहीर तिकिटाचा कार्यक्रम झाला आणि जेमतेम पंधरवड्यात हॅरिसन पत्नी पॅटीसह मुंबईकडे निघाला. रविशंकरांनी १९६२ मध्ये इथे ‘किन्नर’ ही संगीतशाळा काढली होती. त्यांचे शिष्य शंभू दास हॅरिसनचा रियाज करून घेत.

चरित्रांमध्ये १४ सप्टेंबर ही तारीख येते, पण ती लंडन सोडल्याची. तेव्हा लंडनमध्ये उन्हाळी वेळ चालू होती, म्हणजे मुंबई साडेचार तास पुढे. प्रवासाचे तास त्यात मिळवले की मुंबईत पाऊल ठेवण्याची तारीख सहज दुसऱ्या दिवसावर जाते. त्यातून सकाळच्या दैनिकात आदल्या दिवसाची बातमी येते. ‘काल’ हा शब्द अंकाच्या तारखेतून एक वजा करून वाचायचा, आणि लंडनच्या तारेवरून आलेल्या मजकुरातला ‘आज’ लंडनचा धरायचा. एवढं न पाळल्यामुळे एकाच घटनेच्या दोन तारखा वर्षानुवर्षं उद्धृत होत राहतात.

आल्या आल्या बातमी सापडणार नाही, कारण तो लपूनच आला होता. रविशंकरांच्या सल्ल्यावरून त्याने मिशी वाढवली होती आणि ताजमहाल हॉटेलात नाव लावलं होतं ‘सॅम वेल्स’. लिफ्ट चालवणाऱ्या मुलाने त्याला ओळखलं आणि हॉटेलसमोर पोरांची गर्दी झाली. शेवटी १९ सप्टेंबरला, सोमवारी, ताजमध्येच पत्रकार परिषद घ्यावी लागली. आपण बीटल म्हणून नव्हे, शिष्य म्हणून आलो आहोत, तेव्हा शिकू द्या, अशा अर्थाचं त्याचं म्हणणं होतं. बीबीसीचे डोनाल्ड मिल्नर यांनी याच मुक्कामात त्याची मुलाखत ध्वनिमुद्रित केली. ती डिसेंबरात प्रसारित झाली.

म्हणजे शोधायचे अंक मंगळवार २० सप्टेंबरच्या आगेमागचे. पंचांग उघडलं तर दिसतं की १८ सप्टेंबरला, रविवारी, गणेश चतुर्थी होती. ताजखालची गर्दी ऐन गणपतीच्या दिवसांतली आहे, हे चरित्रांतून सहसा येत नाही. शोधणाऱ्याच्या दृष्टीने याला व्यावहारिक अर्थही आहे. सणाला छापखान्याला सुट्टी मिळाली की दुसऱ्या दिवशी अंक निघत नाही. फायलीत एखादा दिवस नसेल तर ‘पान हरवलं’ असा निष्कर्ष लगेच काढू नये. शीर्षपट्टीतला अंक क्रमांक पाहावा. तो सलग असेल तर अंक निघालाच नव्हता. एक आकडा उडाला असेल तर अंक निघाला होता, फक्त बांधणीत आला नाही.

दुसरी अडचण आवृत्तीची. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती लवकर छपाईला जाते, शहर आवृत्ती रात्री उशिरा. संध्याकाळच्या कार्यक्रमाची बातमी पहिलीत नसून दुसरीत असते, आणि मायक्रोफिल्मवर सहसा एकच आवृत्ती उतरवलेली असते. त्यामुळे पुढच्या दिवसाचाही अंक बघावा. डाक आवृत्तीत तीच बातमी एक दिवस शिळी होऊन येते. कागदाच्या टंचाईमुळे तेव्हाचे अंक पातळ असत. पाहुण्या गायकाची बातमी दोन-तीन इंचांत, आतल्या पानावर, शहर वार्तेत दडलेली असू शकते.

टाइम्स ऑफ इंडियाचे जुने अंक संगणकावर शब्द घालून शोधता येतात. तिथेही ‘हॅरिसन’ रकान्याच्या कडेला तुटून दोन ओळींत विभागला असेल तर यंत्राला सापडत नाही, म्हणून आडनावाचे दोन तुकडे वेगळे शोधावेत. ‘बीटल’चं स्पेलिंग छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्याने कीटकासारखं दोनदा ई घालून केलं असण्याची शक्यता गृहीत धरावी. ‘सॅम वेल्स’, ‘ताज’, ‘सतार’, ‘रविशंकर’ हे शब्द स्वतंत्रपणे टाकून बघावेत. मराठी दैनिकांसाठी मात्र बांधीव फाइल किंवा फिल्म डोळ्यांनी चाळण्याला पर्याय नाही. पानाच्या आतल्या कडेचा रकाना शिवणीत गेलेला असतो, तेव्हा फिल्मवर ओळी अर्धवट दिसल्या तर मूळ फाइल मागावी.

पत्रकार परिषदेनंतर शिकवणी मुंबईबाहेर गेली. काश्मीरमध्ये दल सरोवरावरची हाउसबोट, मग वाराणसी. २२ ऑक्टोबरला हॅरिसन लंडनला परतला. ‘सहा आठवडे मुंबईत’ असं छापलेलं दिसतं, ते बरोबर नाही. जवळजवळ सहा आठवडे भारतात, असं म्हणायला हवं.

दुसऱ्या फेरीचा बाज वेगळा. ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचं संगीत करायला हॅरिसन ७ जानेवारी १९६८ ला लंडनहून निघाला आणि साधारण ९ ते १३ जानेवारी या दिवसांत त्याने फोर्टातल्या फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत काम केलं. मुंबईत तेव्हा स्टिरिओची सोय नव्हती. एचएमव्ही चालवणाऱ्या ग्रामोफोन कंपनीचे भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचं यंत्र कलकत्त्याहून आणवलं. स्टुडिओ कचेऱ्यांच्या इमारतीत, आवाजबंदी अपुरी. खालच्या रस्त्यावरची रहदारी वाढली की काम थांबवावं लागे, आणि तरीही थोडा गोंगाट टेपवर उतरलाच. १२ जानेवारीला, शुक्रवारी, याच खोलीत ‘द इनर लाइट’ या बीटल्सच्या गाण्याचं वाद्यसंगीत मुद्रित झालं. त्यावरचं गायन फेब्रुवारीत लंडनला झालं.

या आठवड्यासाठी वृत्तपत्रांवर फार भिस्त ठेवू नये. बंद खोलीत वादक वाजवत बसले, ही बातमी होत नाही. इथे वृत्तपत्र बाजूला ठेवून तबकडीचं वेष्टण हातात घ्यावं. चित्रपटाच्या संगीताची ‘वंडरवॉल म्युझिक’ ही तबकडी नोव्हेंबर १९६८ मध्ये आली, आणि वेष्टणावर मुंबईच्या वादकांची नावं इंग्रजी कानांनी लिहिलेली आहेत. संतूरसमोर शिवकुमार ‘शेरमार’ म्हणजे शिवकुमार शर्मा. तारशहनाईचे विनायक व्होरा ‘विनैक’ झालेत. सूरबहारसमोर नुसतं ‘चंद्र शेखर’ आहे, ते चंद्रशेखर नारिंग्रेकर. हार्मोनियम आणि तबलातरंग ‘रिज राम’ देसाद, म्हणजे रिजराम देसाद. शहनाईवाले शरद आणि हनुमान ‘जादेव’ हे जाधव असावेत, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. या नावांवरून शोध घ्यायचा तर दुरुस्त रूपाने घ्यावा. वेष्टणावरच्या रूपाने मराठी फायलींत काहीच हाती लागणार नाही.

बासरीचा प्रश्न उरतो. ‘द इनर लाइट’ची बासरी हरिप्रसाद चौरसियांची, असं सहसा लिहिलं जातं. वेष्टणावर बासरीसमोर नाव आहे एस. आर. केंकरे. यात विरोध आहेच असं नाही. ‘द इनर लाइट’ त्या तबकडीवर नाही, ते मार्च १९६८ मध्ये ‘लेडी मॅडोना’ या गाण्याच्या तबकडीच्या मागच्या बाजूला आलं, आणि ‘वंडरवॉल’चं वेष्टण फक्त ‘वंडरवॉल’ची साक्ष देतं. केंकरे यांचं नाव मात्र त्या आठवड्याच्या हकिकतीतून वगळलं जातं, तेवढं लिहिताना सांभाळावं.